शाळा कुणाची – दिल्लीची, मुंबईची की धुळ्याची? मौलाना आझादांची एक कमी सांगितली जाणारी गोष्ट

दरवर्षी ११ नोव्हेंबर जवळ आला की उर्दू शाळांमधून एकच धांदल उडते. मुलांकडून मौलाना अबुल कलाम आझाद यांच्यावरची तकरीर पाठ करून घ्यायची, फळ्यावर रंगीत खडूने 'यौम-ए-तालीम' लिहायचे, पाहुण्यांची वाट बघायची. २००८ पासून हा दिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. मुले धडाधड सांगतात : मक्केत जन्म, 'अल-हिलाल'चे संपादक, काँग्रेसचे अध्यक्ष, देशाचे पहिले शिक्षणमंत्री, भारतरत्न. टाळ्या होतात, बिस्किटे वाटली जातात आणि मौलाना पुढच्या वर्षापर्यंत पुन्हा कपाटात जातात. आम्हीही कित्येक वर्षे हेच करत आलो.

मागे खान्देशातल्याच एका गावात शाळा व्यवस्थापन समितीची बैठक होती. आम्ही पाहुणे म्हणून गेलो होतो. एक पालक उठले. त्यांच्या मुलीच्या वर्गाला बऱ्याच दिवसांपासून शिक्षक नव्हता. ते सरपंचांकडे गेले, तर सरपंचांनी जिल्हा परिषदेचे नाव सांगितले. जिल्हा परिषदेत गेले, तर भरती मुंबईहून होते असे कळले. आमदारांच्या माणसाने निकष दिल्लीचे आहेत म्हणून सांगितले. आता त्यांचा आम्हाला साधा सवाल होता, की शाळा नक्की आहे कुणाची? आम्ही बीएड झालेली माणसे, नागरिकशास्त्र शिकवणारी. तरी आम्ही जे उत्तर दिले ते गुळमुळीत होते. त्यांचे समाधान झाले नाही आणि आमचेही नाही.

घरी सोनगीरला परत येताना ते डोक्यात घोळत राहिले. आमच्या गावात उभे राहून बघा. समोरून मुंबई–आग्रा महामार्ग जातो, तो केंद्र सरकारचा. पोलीस ठाणे राज्याचे. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची. गल्लीतला दिवा आणि नळाचे पाणी ग्रामपंचायतीचे. रेशनच्या दुकानातला गहू केंद्राच्या गोदामातून येतो, पण रेशनकार्ड राज्याचे तहसील कार्यालय देते. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या एका गावात चार सरकारे एकाच वेळी कामाला आहेत. कुणाचे काम कुठे संपते हे मात्र कुणी सांगत नाही. आणि मग लक्षात आले, की हा सवाल ज्या माणसाला आयुष्यभर पुरला, त्याचीच तर आपण दरवर्षी तकरीर करतो.

मौलानांचा जन्म १८८८ चा, मक्का मुअज्जमातला. नाव मुहियुद्दीन अहमद. वालिद मौलाना खैरुद्दीन हे आलिम आणि पीर, वालिदा अरब घराण्यातल्या. हे कुटुंब कलकत्त्याला येऊन राहिले, आणि सगळी तालीम घरातच झाली. वालिदांना इंग्रजी शाळा मान्य नव्हती. अरबी, फारसी, फिक्ह, मंतिक, हिसाब, सगळे घरी. सोळाव्या वर्षापर्यंत दर्से-निजामी पूर्ण. त्या वयात 'लिसानुस्सिद्क' नावाचे नियतकालिकही काढून झाले होते. इंग्रजी ते पुढे स्वतःच शिकले. एकाही सरकारी शाळेच्या बाकावर न बसलेला हा मुलगा पुढे अकरा वर्षे देशाचा शिक्षणमंत्री होता, हे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना जरा जपूनच सांगतो. नाहीतर उद्या हजेरीच घसरायची!

१३ जुलै १९१२ ला 'अल-हिलाल' निघाले. उर्दूत असे देखणे, चित्रांसह टाइपात छापलेले आणि असे धारदार साप्ताहिक तोपर्यंत कुणी पाहिले नव्हते. मौलानांच्याच सांगण्याप्रमाणे दोन वर्षांत खप आठवड्याला २६ हजारांवर गेला. सरकारने प्रेस कायद्याखाली आधी २ हजार रुपयांचा जामीन जप्त केला, मग १० हजारांचा. १९१४ मध्ये अंक बंद पडला. १९१५ मध्ये त्यांनी 'अल-बलाग' काढले. १९१६ मध्ये बंगाल सरकारने त्यांना प्रांताबाहेर जाण्याचा हुकूम दिला.

इथे एक मजेशीर गोष्ट घडली. मजेशीर म्हणजे आता वाचताना, तेव्हा नव्हे. बंगालने बाहेर काढले, पण जायचे कुठे? पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि आपला मुंबई प्रांत, या सगळ्या सरकारांनी आधीच त्यांना प्रवेशबंदी केलेली. सोयीचा असा उरला एक बिहार. म्हणून मौलाना रांचीला गेले. काही महिन्यांनी तिथेच त्यांना नजरकैदेत ठेवले गेले आणि ३१ डिसेंबर १९१९ पर्यंत सुटका झाली नाही. एकाच देशात, एकाच बादशहाच्या राज्यात, एका माणसासाठी पाच वेगवेगळे हुकूम. प्रांत म्हणजे काय आणि त्याच्या हद्दीचा अर्थ काय, हे मौलाना पुस्तकातून शिकले नाहीत. रांचीत ते स्वस्थ बसले नाहीत. १९१७ मध्ये त्यांनी तिथे अंजुमन इस्लामिया आणि मदरसा इस्लामिया सुरू केला.

बाहेर आल्यावर १९२० मध्ये गांधीजींची भेट, खिलाफत, असहकार, पुन्हा तुरुंग. १९२३ मध्ये दिल्लीच्या विशेष अधिवेशनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा वय अवघे पस्तीस. १९३० मध्ये मीठ सत्याग्रहात पुन्हा अटक. या धामधुमीतच 'तर्जुमानुल कुरआन'चे काम चालू होते. या काळाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून आम्ही इथे थांबत नाही.

मात्र त्याच वर्षांत दुसरीकडे जे चालले होते ते सांगायला हवे, कारण आमच्या शाळेची मुळे तिथे आहेत. १९१९ च्या कायद्याने प्रांतांना काही खाती हिंदी मंत्र्यांच्या हाती मिळाली. त्यात शिक्षण होते. पोलीस आणि महसूल इंग्रजांनी आपल्या मुठीत ठेवले आणि शाळा आपल्याकडे सोपवल्या. पैसा त्यांच्याकडे, खर्चाचे खाते आपल्याकडे. मुंबई प्रांताने १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा आणखी खाली, स्थानिक मंडळांच्या हाती दिल्या. म्हणजे शाळा दिल्लीहून मुंबईला आणि मुंबईहून जिल्ह्याला उतरली ती शंभर वर्षांपूर्वी. तेव्हा आमचा जिल्हा पश्चिम खान्देश म्हणून ओळखला जाई.

मग आला १९३५ चा कायदा. त्यात पहिल्यांदा तीन याद्या आल्या : एक केंद्राची, एक प्रांतांची, एक दोघांची मिळून. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच खान्देशात, फैजपूरला, काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. तिथे हा कायदा नाकारला गेला आणि देशाची घटना देशाच्याच घटना समितीने बनवावी अशी मागणी झाली. कायदा नाकारला, पण निवडणुका लढवल्या. १९३७ मध्ये प्रांतांत मंत्रिमंडळे आली. त्यांच्यावर देखरेख ठेवायला तिघांचे मंडळ नेमले गेले : सरदार पटेल, राजेंद्रप्रसाद आणि मौलाना आझाद. मौलानांकडे बंगाल, बिहार, संयुक्त प्रांत, पंजाब, सिंध आणि सरहद्द प्रांत आले.

खरे सांगायचे तर हे मंडळ म्हणजे प्रांतांच्या स्वायत्ततेला वरून घातलेली वेसणच होती. मध्य प्रांताचे पंतप्रधान डॉ. ना. भा. खरे यांना १९३८ मध्ये जावे लागले, त्यात या तिघांच्या निर्णयाचा वाटा होता. तेव्हा मौलाना नेहमीच प्रांतांच्या बाजूने उभे होते असे चित्र रंगवणे खोटे ठरेल. लगाम कसा लागतो हे त्यांनी दोन्ही बाजूंनी पाहिले होते. तो आधी त्यांच्या तोंडात होता, नंतर हातात आला.

१९४० मध्ये रामगढला ते पुन्हा अध्यक्ष झाले आणि युद्धामुळे सहा वर्षे राहिले. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत गवालिया टँकवर 'छोडो भारत'चा ठराव झाला तेव्हा अध्यक्ष तेच होते. दुसऱ्या दिवशी पहाटे अटक, खास गाडी आणि अहमदनगरचा किल्ला. नेहरू, पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव, डॉ. सय्यद महमूद असे कार्यकारिणीचे लोक एकाच आवारात. नेहरूंनी तिथे त्यांचा मोठा ग्रंथ लिहिला. मौलाना पहाटे उठून आपल्या हाताने चिनी चहा करत आणि हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहीत. पत्रे बाहेर जाणार नाहीत हे माहीत असून लिहीत. त्यांचेच पुढे 'गुबार-ए-खातिर' झाले. खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांवर त्यात पानेच्या पाने आहेत.

त्या किल्ल्यातच त्यांना बेगम जुलेखा आजारी असल्याची बातमी मिळाली. सरकारकडे अर्ज करून सुटका मागता आली असती. त्यांनी मागितली नाही. ९ एप्रिल १९४३ ला कलकत्त्यात बेगमचा इंतकाल झाला. काही महिन्यांतच भोपाळमध्ये बहीण गेली. १५ जून १९४५ ला सुटका होऊन ते कलकत्त्याला आले, स्वागताला गर्दी, गाडी हारांनी भरलेली. घरी जाण्याआधी त्यांनी गाडी कब्रस्तानाकडे वळवली, त्यातलाच एक हार कबरीवर ठेवला आणि फातिहा पढली. आमच्या विद्यार्थिनी हा भाग तकरीरीत सांगतात तेव्हा मागच्या रांगेतल्या आयांचे पदर डोळ्यांना लागतात.

आता मुख्य गोष्ट. मार्च १९४६ मध्ये इंग्लंडहून तीन मंत्री सत्ता सोपवण्याची बोलणी करायला दिल्लीत उतरले. मुस्लिम लीगला पाकिस्तान हवे होते. काँग्रेसला एकसंध देश हवा होता. मौलानांनी या दोहोंच्या मधला रस्ता मांडला आणि १५ एप्रिलला तो जाहीर निवेदनात छापून आला.

त्यांचे म्हणणे साध्या भाषेत असे : भांडणाचे मूळ भीतीत आहे. दिल्लीत बहुसंख्याकांचे सरकार आले तर ते आपल्या घरादारात, शाळेत, शेतात हात घालेल ही मुसलमानांना भीती. मग दिल्लीच्या हातात इतके सगळे द्यायचेच कशाला? संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि दळणवळण एवढे केंद्राला सक्तीने द्या, कारण ते एकेका प्रांताला झेपणारे नाही. दुसरी एक यादी ऐच्छिक ठेवा. ज्या प्रांताला वाटेल तो त्यातले विषय आपणहून केंद्राला देईल. बाकी सारे, आणि ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही तेसुद्धा, प्रांतांचे. म्हणजे जिथे मुसलमान जास्त आहेत ते प्रांत आपला कारभार आपण बघतील, आणि जिथे कमी आहेत तिथले मुसलमान देशाचे हिस्सेदार राहतील. पाकिस्तान झाले तर याच दुसऱ्या मुसलमानांचे, म्हणजे आपल्या वाडवडिलांचे, काय होणार, हा सवाल मौलाना वारंवार विचारत होते. सोनगीर, धुळे, जळगाव, भुसावळ हे कुठल्याच हिशेबाने पाकिस्तानात जाणार नव्हते. त्या अर्थाने मौलाना आमच्याबद्दलच बोलत होते.

१६ मे १९४६ ला त्या तीन मंत्र्यांनी जी योजना जाहीर केली तिच्यात मौलानांच्या मांडणीचा बराचसा भाग होता. केंद्राकडे तेच तीन विषय, उरलेले अधिकार प्रांतांकडे. फक्त त्यांनी एक मजला आणखी चढवला : प्रांतांचे तीन गट. मुंबई प्रांत, म्हणजे आपण, पहिल्या गटात. पंजाब, सिंध, सरहद्द दुसऱ्यात. बंगाल आणि आसाम तिसऱ्यात. लीगने ६ जूनला योजना मान्य केली. जुलैच्या सुरुवातीला मुंबईत काँग्रेसच्या महासमितीनेही मान्यता दिली. काही दिवस असे होते की देश एक राहणार असे कागदावर ठरले होते.

मग ते निसटले. कारणे एक नाहीत. आसामला बंगालच्या गटात सक्तीने बसायचे नव्हते. गोपीनाथ बारदोलाई अडून बसले. आणि त्यांचे काय चुकले? स्वायत्तता म्हणायची आणि आसामला विचारायचे नाही, हे कसे? अध्यक्षपद तोवर मौलानांकडून नेहरूंकडे गेले होते. १० जुलैला मुंबईच्या पत्रकार परिषदेत नेहरूंनी असा अर्थ निघेल असे विधान केले, की घटना समिती योजनेला बांधील नाही. जुलै संपण्याआधी लीगने मान्यता मागे घेतली. १६ ऑगस्टला कलकत्ता पेटले. आपण त्या वेळी अध्यक्षपद सोडले ही आयुष्यातली मोठी चूक होती, असे मौलानांनी पुढे आत्मकथनात नोंदवून ठेवले. सगळा दोष एका पत्रकार परिषदेवर टाकता येईल असे आम्हाला वाटत नाही. जीनांना दुबळे केंद्र हवे होते ते कायमचे की फक्त पहिली पायरी म्हणून, यावर इतिहासकार अजून भांडतात. पण मौलानांची तळमळ खोटी नव्हती, एवढे नक्की.

३ जून १९४७ ला फाळणी जाहीर झाली आणि घटना समितीतला वाऱ्याचा रोख बदलला. आदल्या डिसेंबरमध्ये नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात उरलेले अधिकार घटक राज्यांना देण्याची भाषा होती. जुलैमध्ये केंद्राच्या अधिकारांविषयीच्या समितीने नवा अहवाल दिला आणि मजबूत केंद्र पुढे आले. दंगली, निर्वासित, संस्थानांचे विलीनीकरण, धान्याची टंचाई. त्या दिवसांत दुबळ्या केंद्राची बाजू घ्यायला कुणाची छाती होती? शेवटी राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आल्या. केंद्राच्या यादीत ९७ नोंदी, राज्यांच्या ६६, समवर्ती ४७. यादीत नसलेला प्रत्येक विषय केंद्राचा. मौलानांच्या मांडणीतले शेपूट बरोबर उलट्या बाजूला गेले.

पण शिक्षण? ते राज्यांच्या यादीत राहिले, अकराव्या नोंदीत. आणि जानेवारी १९४७ पासून केंद्राचे शिक्षण खाते होते मौलानांकडे!

विचार करा, शाळा एकही नाही आणि शिक्षणमंत्री. देशातल्या लाखो शिक्षकांपैकी एखाद्याची बदली करण्याचासुद्धा अधिकार, दिल्लीसारखे केंद्राचे प्रदेश सोडले तर, त्यांना नव्हता. केंद्राकडे होते ते अलीगढ, बनारस आणि दिल्ली ही विद्यापीठे, राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्था आणि उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम. या तुकड्यांतून मौलानांनी जे उभे केले ते पाहिले की कमाल वाटते. १९४८ मध्ये राधाकृष्णन यांचा विद्यापीठ आयोग, १९५२ मध्ये मुदलियार यांचा माध्यमिक शिक्षण आयोग. १९५१ मध्ये खरगपूरची पहिली आयआयटी. १९५३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोग, त्याच वर्षी संगीत नाटक अकादमी आणि कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय लोकांसाठी खुले, १९५४ मध्ये साहित्य अकादमी आणि ललित कला अकादमी. जे केंद्राच्या यादीत होते त्याचा एकही कोपरा त्यांनी रिकामा सोडला नाही.

जे राज्यांच्या यादीत होते तिथे त्यांनी हुकूम सोडला नाही, कारण सोडता येत नव्हता. त्यांनी बैठका घेतल्या. केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळ इंग्रजांच्या काळापासून होते. मौलाना त्याचे अध्यक्ष. राज्यांचे शिक्षणमंत्री तिथे एका टेबलाभोवती बसत. जानेवारी १९४८ च्या शिक्षण परिषदेनंतर पैशांच्या प्रश्नावर समिती नेमली गेली, ती आपल्या मुंबई प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या अध्यक्षतेखाली. खेर समितीने हिशेब मांडला : केंद्राने आपल्या महसुलाच्या १० टक्के आणि प्रांतांनी २० टक्के शिक्षणावर घालावेत. शाळा प्रांताची असली तरी खर्चात केंद्राने वाटा उचलावा, हे तिथे कागदावर आले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचे शिक्षण, हे घटनेच्या ४५ व्या अनुच्छेदात लिहिले गेले. १९६० उजाडले आणि ते झाले नव्हते. शिफारस केंद्राची, तिजोरी राज्याची आणि मूल गावात. तिघांची गाठ पडायला फार वेळ लागतो.

आणखी एक कागद असा आहे की तो आमच्या समाजात फार थोड्यांना माहीत आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये दिल्लीत प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांची परिषद झाली. मौलाना तेव्हा देशाचे शिक्षणमंत्री होते. तिथे ठरले, की मुलाची मादरी जुबान प्रांताच्या भाषेहून वेगळी असेल आणि शाळेत अशी ४० मुले किंवा एका वर्गात १० मुले असतील, तर त्या भाषेत शिकवायला किमान एक शिक्षक द्यायचाच. पुढे १९५६ मध्ये राज्यांची भाषावार फेररचना झाली, तेव्हा सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हा अनुच्छेद आला : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक पातळीवर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा. स्थानिक संस्थेचे नाव घटनेतच आहे, हे लक्षात घ्या. उर्दू शाळा ही कुणी केलेली मेहरबानी नाही आणि ती फक्त दिल्लीची किंवा फक्त मुंबईची जबाबदारी नाही. मौलाना तेव्हा हयात होते, मंत्रिमंडळात होते.

२२ फेब्रुवारी १९५८ ला दिल्लीत त्यांचा इंतकाल झाला. शिक्षण खाते अखेरपर्यंत त्यांच्याकडे होते. जामा मशिदीच्या समोर त्यांची कबर आहे. मागे मूलबाळ नव्हते. एकुलता एक मुलगा लहानपणीच गेला होता. आत्मकथन पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, निघाले. त्यातली तीसेक पाने बंद ठेवली गेली होती आणि ती १९८८ मध्ये उघडली. भारतरत्न मिळाले १९९२ मध्ये.

त्यांच्यानंतर शाळा दोन्ही दिशांनी ओढली गेली. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यांच्या यादीतून उचलून समवर्ती यादीत नेले, म्हणजे केंद्रालाही कायदा करण्याचा हक्क मिळाला. केंद्राला शिक्षणात काही भूमिका असावी हे मौलानांनाही हवे होते. पण आणीबाणीत, राज्यांना फारसे न विचारता, अशा पद्धतीने ती यावी हे त्यांच्या स्वभावात बसले नसते असे आम्हाला वाटते. त्यानंतर ७३ व्या दुरुस्तीने १९९३ मध्ये पंचायतींना घटनेचा आधार मिळाला आणि त्यांच्या २९ विषयांत प्राथमिक व माध्यमिक शाळाही आल्या. याच समवर्ती यादीच्या बळावर संसदेने २००९ चा शिक्षण हक्क कायदा केला.

आता त्या पालकांच्या सवालाकडे. शिक्षकाची पात्रता आणि अभ्यासक्रमाची चौकट केंद्र ठरवते, समग्र शिक्षा आणि दुपारच्या जेवणाचा ६० टक्के पैसा केंद्र देते. पाठ्यपुस्तक राज्याच्या बालभारतीचे, पगाराचा पैसा राज्याचा, किती पदे मंजूर ते राज्याच्या संचमान्यतेवर, उमेदवारांची निवड राज्याच्या पवित्र पोर्टलवरून. नेमणुकीचा कागद मात्र जिल्हा परिषदेचा. वर्गखोली, पाणी, स्वच्छतागृह यांत ग्रामपंचायतीचाही हात लागतो. म्हणजे सरपंच, जिल्हा परिषद आणि आमदारांचा माणूस, तिघेही खोटे बोलले नव्हते. प्रत्येकाने आपल्या वाट्याचा तुकडा सोडून बाकीचे खरे सांगितले होते!

पण कायद्यात एक खुंटा आहे, तो धरायचा. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २६ सांगते, की शाळेतली रिक्त पदे मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त असू नयेत, आणि ही जबाबदारी नेमणूक करणाऱ्या संस्थेची. जिल्हा परिषद शाळेत ती संस्था म्हणजे जिल्हा परिषद. कलम ३२ प्रमाणे पालक स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार देऊ शकतात, तिच्यावर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा, आणि समाधान झाले नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. तोंडी सांगून, चहा पिऊन परत येण्याने काही होत नाही. आवक क्रमांक असलेली पोच हवी.

आम्ही त्या पालकांना पुन्हा भेटलो. अर्ज मराठीत लिहून दिला, खाली व्यवस्थापन समितीच्या सह्या घेतल्या, १९४९ च्या ठरावाचा आणि ३५० क चा उल्लेख केला. पोच मिळाली. काही दिवसांनी उत्तर आले, की पद मंजूर आहे, पण ज्या राखीव प्रवर्गासाठी ते आहे त्यात उर्दू माध्यमाचा पात्र उमेदवार मिळालेला नाही. ही आपली जुनी रड आहे, आणि बिंदुनामावलीचा हा गुंता सोडवणे जिल्हा परिषदेच्या नव्हे, राज्याच्या हातात आहे. तोवर तासिका तत्त्वावर कुणी देता येईल का, असा दुसरा अर्ज आता आम्ही लिहायला घेतला आहे. या वेळी तो त्या मुलीच्या वालिदांनी स्वतःच्या हाताने लिहिला. आम्ही फक्त शुद्धलेखन तपासले.